कुठली पायरी अडली?

संपादकांनी यंदा विषय दिला ‘श्रेय’. नाटक, संगीत, राजकारण, क्रिकेट यांवर लिहिणारे भरपूर आहेत हे ठाऊक असल्यामुळे मी महाडची एसटी पकडली. तिथल्या एमआयडीसीत अशा एका माणसाचं नाव दर पाळीला घेतलं जातं, जो माणूस होता हेच तिथं फारसं कोणाला ठाऊक नाही.

दमा किंवा ॲलर्जी असलेल्या घरात मॉन्टेल्युकास्टची गोळी असतेच. ऋतू बदलला, शिंका आणि छातीतली घरघर सुरू झाली की डॉक्टर ती लिहून देतात. या औषधाचा रेणू तुकड्यातुकड्यांनी बांधावा लागतो. त्यातले दोन मोठे तुकडे जिथे एकमेकांना जोडले जातात, त्या टप्प्याला कारखान्यात ‘हेक’ म्हणतात. पूर्ण नाव रिचर्ड फ्रेडरिक हेक. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ, २०१० सालच्या नोबेलचे एक मानकरी.

बिरवाडी मागे पडली की सॉल्व्हंटचा गोडसर वास लागतो. नाव छापायचं नाही आणि फोटो काढायचा नाही, या दोन अटींवर मला आत सोडलं. मोबाइल गेटवर जमा, डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर गॉगल. शिफ्ट इनचार्ज साताऱ्याकडचा, ऑरगॅनिकमध्ये एमएस्सी झालेला तरुण. “सर, आज स्टेज थ्री आहे, हेक. बरोबर दिवशी आलात,” म्हणाला आणि लोखंडी जिन्याने वरच्या मजल्यावर घेऊन गेला.

वर निळ्या काचेचा थर दिलेला रिॲक्टर होता. मॅनहोल बंद होतं आणि नायट्रोजन सोडणं चालू होतं. खालच्या स्टोअरमधून एक लहानशी बाटली आली, ती मात्र दोन माणसांच्या सोबतीने. आत तांबूस तपकिरी भुकटी: पॅलेडियम ॲसिटेट. बाटलीचं वजन आधी, मग भुकटी काढल्यावर पुन्हा, दोन्ही आकडे बॅच रेकॉर्डवर, आणि खाली दोन सह्या. टनावारी सॉल्व्हंट ड्रमांतून उघड्यावर हलवणाऱ्या कारखान्यात एवढ्याशा पुडीचा हा थाट डोळ्यांत भरतो.

रिॲक्टरवरच्या ऑपरेटर काकांना मी विचारलं, “हेक म्हणजे काय हो?”

“रिॲक्शनचं नाव.”

“माणसाचं नाव आहे ते.”

“असेल की. ग्रिग्नार्ड पण माणूसच होता म्हणतात. त्याची बॅच तर याच्याहून डेंजर.”

धातू मध्ये का लागतो

सजीव शरीर, औषधं, प्लास्टिक, रंग या सगळ्याचा सांगाडा कार्बनचा. नवा रेणू बांधायचा म्हणजे बहुतेक वेळा एका कार्बनला दुसऱ्या कार्बनशी जोडायचं. हे काम ऐकायला सोपं आणि करायला महाकठीण. बेन्झीनच्या कड्यावर ब्रोमीन किंवा आयोडीन बसवलेला एक रेणू घ्या, दुहेरी बंध असलेला दुसरा घ्या, दोन्ही एका भांड्यात टाकून दिवसभर उकळा. संध्याकाळी दोन्ही जसेच्या तसे मिळतील.

काकांच्या ग्रिग्नार्डने, म्हणजे फ्रान्सच्या व्हिक्टर ग्रिन्यारने, १९०० च्या सुमारास यावर एक तोड काढली. कार्बन आणि मॅग्नेशियम यांच्यात थेट बंध घडवला, आणि त्या जोरावर कार्बन दुसऱ्या कार्बनवर जाऊन बसायला लागला. कार्बन आणि धातू थेट जोडलेल्या अशा संयुगांच्या अभ्यासाला ऑर्गॅनोमेटॅलिक रसायन म्हणतात. ग्रिन्यारला १९१२ चं नोबेल मिळालं. पण त्यात मॅग्नेशियम संपतं. जेवढे जोड, तेवढा धातू. शिवाय ही संयुगं भलतीच आक्रमक. पाण्याचा थेंब लागला तरी बिथरतात, आणि रेणूत दुसरीकडे नाजूक भाग असेल तर त्याच्यावरही तुटून पडतात.

पॅलेडियमचं वागणं निराळं आहे. सुताराकडे शिकंजा असतो: दोन फळ्या त्यात धरायच्या, जोड पक्का झाला की शिकंजा सोडवून पुढच्या फळ्यांना लावायचा. पॅलेडियमचा अणू हेच करतो, आणि चार पायऱ्यांत करतो. पहिल्या पायरीत तो कार्बन आणि ब्रोमीनच्या मधे शिरतो आणि दोघांनाही स्वतःवर घेतो. दुसऱ्या पायरीत दुहेरी बंधाचा रेणू त्याच्यापाशी येतो, आणि कड्याचा कार्बन धातूवरून उतरून त्याच्या एका टोकाला जोडला जातो. हवा असलेला जोड इथे पडतो. तिसऱ्या पायरीत पॅलेडियम शेजारच्या कार्बनवरचा एक हायड्रोजन उचलतो आणि तयार रेणू सुटतो. चौथ्या पायरीत भांड्यातला अल्क, महाडच्या बॅचमध्ये ट्रायइथाइलअमिन, धातूवरचे हायड्रोजन आणि ब्रोमीन काढून नेतो. पॅलेडियम मोकळा होऊन पुन्हा पहिल्या पायरीवर उभा राहतो.

महाडच्या बॅचमध्ये तिसऱ्या पायरीला एक गंमत आहे. तिथे ज्या कार्बनवरून हायड्रोजन निघतो त्याला ऑक्सिजन चिकटलेला असतो. त्यामुळे सुटलेला रेणू लगेच रूप बदलून कीटोन होतो. पुढच्या टप्प्याला हवा असतो तो कीटोनच.

मूळ पद्धतीत त्या कीटोनचं रूपांतर करायला बोरॉनचं एक संयुग वापरतात. ते अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात, हर्बर्ट ब्राऊन यांच्या प्रयोगशाळेत जन्माला आलं. हेक यांच्याबरोबर नोबेल वाटून घेणारे एइची नेगिशी आणि अकिरा सुझुकी हे दोघेही याच ब्राऊन यांच्या हाताखाली घडलेले. एका गोळीत ही सगळी वंशावळ असते.

विल्मिंग्टनची कंपनी

हेक १९३१ साली मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफिल्डला जन्मले आणि लहानपणीच लॉस एंजेलिसला गेले. घराभोवतीच्या बागेचा नाद लागला, विशेषतः ऑर्किडचा, आणि झाडांना काय घातलं की काय होतं या कुतूहलातून रसायनाकडे वळले. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात १९५४ साली सॉल विनस्टाइन यांच्याकडे पीएचडी केली. विनस्टाइन यांचं सगळं आयुष्य एकाच प्रश्नाभोवती फिरलं होतं: अभिक्रिया होते म्हणजे टप्प्याटप्प्याने नेमकं काय होतं? भांड्यात काय टाकलं आणि काय निघालं यावर त्यांचं समाधान होत नसे. मधल्या क्षणी कोणता अणू कुठे होता, हे त्यांना हवं असे. पुढे हेक झुरिकला व्लादिमिर प्रेलॉग यांच्याकडेही राहून आले.

१९५७ मध्ये त्यांनी डेलावेर राज्यातल्या विल्मिंग्टनची हर्क्युलिस ही कंपनी धरली. मूळची दारूगोळ्याची कंपनी. अमेरिकी सरकारने ड्युपॉन्टची मक्तेदारी मोडली तेव्हा, १९१२ साली, वेगळी निघालेली. पन्नाशीच्या दशकात तिचं लक्ष प्लास्टिककडे वळलं होतं. जर्मनीत कार्ल त्सिग्लर यांनी धातूंच्या संयुगांनी पॉलिथिलीन बनवून दाखवल्यापासून धातूंचं रसायन हा बड्या कंपन्यांच्या जिव्हाळ्याचा विषय झाला होता. हेक यांचे वरिष्ठ डेव्हिड ब्रेस्लो यांनी त्यांना संक्रमण धातूंवर काहीतरी कर, असं सुचवलं. विषय एवढाच मोघम.

हेक यांनी आधी कोबाल्ट घेतला. कोबाल्ट वापरून तेलापासून मिळणाऱ्या अल्कीनचं, म्हणजे दुहेरी बंधाच्या रेणूचं, अल्डिहाइड करायची प्रक्रिया जर्मनीतल्या ओटो रोलेन यांनी १९३८ मध्ये शोधली होती आणि ती कारखान्यांत चालूही होती. ती कशी चालते हे मात्र नीट उलगडलेलं नव्हतं. हेक आणि ब्रेस्लो यांनी १९६० च्या आसपास तिच्या पायऱ्या मांडल्या. धातूवर अल्कीन येतं, सरकून जोडलं जातं, मग कार्बन मोनॉक्साइड शिरतो, शेवटी हायड्रोजन येऊन रेणू सुटतो. आज पाठ्यपुस्तकात हे चक्र त्या दोघांच्या नावाने येतं. चालू असलेल्या यंत्राचं झाकण उघडून आत पाहण्याचं हे काम होतं. त्यातून कंपनीला नवा माल मिळाला नाही, पण हेक यांच्या हाती धातूंच्या हालचालींचा एक नकाशा आला.

त्याच कंपनीत पॅट हेन्री हे सहकारी पॅलेडियमवर काम करत होते. इथिलीनपासून अॅसिटाल्डिहाइड बनवण्याची वाकर प्रक्रिया तेव्हा नवी होती. हेक यांच्या डोक्यात आलं की कोबाल्टवर हायड्रोजन जसा अल्कीनवर सरकतो, तसा पॅलेडियमवरून बेन्झीनचं अख्खं कडं सरकेल का? कडं धातूवर चढवण्यासाठी त्यांनी पाऱ्याचं संयुग वापरलं, फिनाइलमर्क्युरिक ॲसिटेट. हे तेव्हा बुरशीनाशक म्हणून विकत मिळे. त्यात पॅलेडियमचा क्षार आणि इथिलीन. काळा पॅलेडियम खाली बसला आणि भांड्यात स्टायरीन तयार झालं.

१९६८ साली ‘जर्नल ऑफ द अमेरिकन केमिकल सोसायटी’च्या एकाच अंकात ओळीने सात शोधनिबंध आले. सातांवर लेखक एकच: आर. एफ. हेक.

एकाच वेळी दोन ठिकाणी

त्या पद्धतीतला पारा विषारी, आणि पॅलेडियमही बहुतांशी खर्च होई. पारा टाळून थेट आयोडीन असलेलं कडं वापरायचं आणि धातू चक्रात फिरवायचा, ही पुढची मजल दोघांनी वेगवेगळी गाठली. टोकिओ इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे त्सुतोमु मिझोरोकी यांनी १९७१ मध्ये आणि हेक यांनी १९७२ मध्ये. हेक तोवर डेलावेर विद्यापीठात गेले होते. आपल्या निबंधात त्यांनी मिझोरोकींच्या कामाचा उल्लेख केला. म्हणून नेटकं लिहिणारे आज ‘मिझोरोकी–हेक’ लिहितात. मिझोरोकी नोबेलच्या खूप आधी वारले होते, आणि नोबेल मृतांना मिळत नाही. महाडच्या बॅच रेकॉर्डवर दोन नावांना जागा नाही.

१९७५ मध्ये उलटं झालं. तिहेरी बंधाचा रेणू कड्याला जोडायची पद्धत हेक यांच्या प्रयोगशाळेने, इटलीत लुइगी कासार यांनी आणि ओसाकात केनकिची सोनोगाशिरा यांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केली. सोनोगाशिरांनी जोडीला तांबं घातल्यामुळे काम सौम्य तापमानाला होऊ लागलं, आणि नाव त्यांचं रूढ झालं. डीएनएचं वाचन करणाऱ्या यंत्रांसाठी जी चमकणारी रंगद्रव्यं डीएनएच्या घटकांना चिकटवली गेली, त्यांचा सांधा या जातीच्या जोडणीने घातलेला होता.

सुझुकींनी नोरिओ मियाउरा यांच्याबरोबर १९७९ मध्ये बोरॉन वापरून पॅलेडियमने दोन कार्बन एकमेकांना जोडून दाखवले. रक्तदाबावरचं लोसार्टन बनवायला तीच पद्धत वापरली गेली. सुझुकींनी तिचं पेटंट घेतलं नाही. जगभरच्या कारखान्यांत ती पसरण्यात या मोकळेपणाचा वाटा मोठा आहे.

आणि मुळात पॅलेडियमच्या शोधाचीच कथा श्रेयाच्या वादाने सुरू होते. लंडनच्या विल्यम वॉलस्टन यांना १८०२ मध्ये प्लॅटिनमच्या खनिजात हा धातू सापडला. प्रतिस्पर्ध्यांना सुगावा लागू नये आणि हक्कही राहावा म्हणून त्यांनी अजब युक्ती केली. १८०३ मध्ये निनावी पत्रकं वाटून सोहोमधल्या एका दुकानात ‘नवी चांदी’ म्हणून धातू विकायला ठेवला. रिचर्ड चेनेविक्स नावाच्या रसायनज्ञाने सगळा साठा विकत घेतला आणि रॉयल सोसायटीत जाहीर केलं की हा नवा धातू वगैरे काही नाही, पारा आणि प्लॅटिनमचं मिश्रण आहे. त्याच वर्षी त्यांना सोसायटीचं कोपली पदकही मिळालं. वॉलस्टन यांनी पुन्हा निनावी जाहिरात दिली: असा धातू कोणी बनवून दाखवला तर २० पौंड बक्षीस. कोणी आलं नाही. १८०५ मध्ये त्यांनी आपलं नाव उघड केलं.

बॅच अडते तेव्हा

दुपारनंतर महाडच्या रिॲक्टरमध्ये तापमान चढवायला सुरुवात झाली. जॅकेटमधून गरम पाणी खेळतं, कंडेन्सरमधून सॉल्व्हंटची वाफ थंड होऊन परत येते. ठरावीक तासांनी सॅम्पल काढून क्यूसीला, म्हणजे गुणवत्ता तपासणीला, जातं. एचपीएलसी यंत्राच्या पडद्यावर कच्च्या मालाचं शिखर बुटकं होत जातं, मालाचं उंचावत जातं. सगळं सुरळीत असेल तर पाहण्यासारखं काहीच नसतं. म्हणून मी इनचार्जला सुरळीत नसलेल्या बॅचची गोष्ट विचारली.

“एकदा सॅम्पलवर सॅम्पल जातंय, पण शिखर हलेना,” तो सांगू लागला. “काका म्हणाले, अजून थोडी पीडी, म्हणजे पॅलेडियम, टाका. ती काय फुकट मिळते? मी म्हटलं थांबा, आधी कुठली पायरी अडली ते बघू.”

त्याने वहीच्या मागच्या पानावर चक्र काढलं आणि एकेका पायरीवर बोट ठेवत गेला. कच्चा माल अजिबात खर्च होत नाही, म्हणजे पॅलेडियम कार्बन आणि ब्रोमीनच्या मधे शिरतच नाहीये. गोष्ट पहिल्या पायरीवरच अडली. का? आयोडीनचा बंध सैल असतो, ब्रोमीनचा घट्ट, म्हणून ब्रोमीनच्या मालाला पॅलेडियमबरोबर फॉस्फिन घालावं लागतं. ते धातूच्या अंगाशी बिलगून त्याला तरतरीत ठेवतं आणि गोळा होऊन खाली बसू देत नाही. हेक यांनीच आपल्या विद्यार्थ्यासह १९७४ मध्ये हे दाखवून दिलं. मग फॉस्फिन गेलं कुठे? क्यूसीने नीट पाहिलं तर फॉस्फिनचं ऑक्साइड होऊन बसलं होतं. म्हणजे आत हवा होती. शेवटी दोष सापडला नायट्रोजनमध्ये. सुरुवातीला जेवढा वेळ सोडायचा तेवढा सोडला गेला नव्हता.

“आणि कच्चा माल संपतोय, पण आपला माल होत नाही, असं असेल तर?”

“तर मग अडचण पुढे आहे, सर. जोड भलत्याच टोकाला पडत असेल, नाहीतर हायड्रोजन भलत्याच बाजूचा निघत असेल. तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या पायरीकडे बघायचं. आणि सुरुवातीला जोरात चालून मध्येच थंडावली, भिंतीला काळं धरलं, तर पीडी बाहेर पडली. तेव्हा चौथी बघायची. बेस, म्हणजे अल्क, कमी पडला का, ओला होता का.”

हेक कोण, हे या मुलाला नेट-सेटच्या अभ्यासापुरतं माहीत होतं. पण तो बॅचपुढे उभा राहून जे करत होता, तेच हेक यांनी हर्क्युलिसमध्ये कोबाल्टपुढे उभं राहून केलं होतं. अभिक्रियेला नाव मिळालं ती झाली हेक यांच्या श्रेयाची दर्शनी बाजू. त्याखालचा ठेवा म्हणजे ही चौकशीची रीत. धातूची प्रत्येक हालचाल सुटी करून मांडता येते, आणि मांडली की अडचण नेमकी कुठे ते सांगता येतं. त्यांच्या १९७४ च्या पुस्तकाच्या नावातच ‘यंत्रणेच्या अंगाने’ विषय मांडल्याचं सांगितलेलं आहे. ही रीत नसती तर बॅच अडली की काकांचा उपाय उरला असता: अजून थोडी पीडी टाका.

नसलेल्या धातूची करामत

महाडहून परतताना मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत गेलो. तिथे लातूरकडची एक मुलगी याच रसायनात पीएचडी करते. तिच्या फ्यूमहुडमध्ये दंडगोल कुपी तेलात बुडालेली, आणि आत औषधाच्या कॅप्सूलएवढा पांढरा चुंबक गरगरत होता. तिने खणातून दोन डबे काढले. एकात शुभ्र चुंबक, दुसऱ्यात तसेच, पण कडांना करडे डाग असलेले.

“हे डागवाले पॅलेडियमचे. परत वापरायचे तर पॅलेडियमसाठीच. निकेल नाहीतर लोखंडाच्या प्रयोगाला यातला एक गेला तर माझी तीन वर्षं पाण्यात.”

कारण तिने सांगितलं. २००३ साली इंग्लंडच्या निकोलस लेडबीटर यांच्या गटाने जाहीर केलं की सुझुकी जोडणी धातूशिवायसुद्धा होते. जगभर खळबळ माजली. महागडा धातूच नको म्हटल्यावर आणखी काय हवं! त्याच गटाने पुढे स्वतःच कसून तपास केला आणि २००५ मध्ये उत्तर दिलं. त्यांनी वापरलेल्या धुण्याच्या सोड्यात, म्हणजे सोडियम कार्बोनेटमध्ये, पॅलेडियमचे अंश होते, अब्जात ५० भाग इतके. तेवढ्यावर जोडणी होत होती. पुढे २०१९ मध्ये मॉस्कोच्या व्हॅलेंटिन अनानिकोव यांच्या गटाने ढवळायच्या चुंबकांकडे बोट दाखवलं. टेफ्लॉनच्या ओरखड्यांत आधीच्या प्रयोगाचा धातू अडकून राहतो, धुतला तरी जात नाही, आणि पुढच्या प्रयोगात गुपचूप काम करून जातो.

“म्हणून कोरा प्रयोग आधी करायचा,” ती म्हणाली. “सगळं घालायचं, फक्त कॅटॅलिस्ट घालायचा नाही. त्यातही माल निघाला तर समजायचं, श्रेय दुसऱ्याच कोणाचं आहे.”

संपादकांचा विषय मी तिला सांगितला नव्हता.

तिचं स्वतःचं काम एक पाऊल पुढचं आहे. हेक यांच्या पद्धतीत कड्यावर आधी ब्रोमीन किंवा आयोडीन बसवावं लागतं आणि शेवटी ते क्षार होऊन वाया जातं. त्याऐवजी कार्बन-हायड्रोजन बंधच थेट उघडला तर एक टप्पा आणि कचरा दोन्ही वाचतील. जपानमध्ये मोरितानी आणि फुजिवारा यांनी १९६७ मध्येच याची चुणूक दाखवली होती. अडचण अशी की एकेका रेणूत असे हायड्रोजन डझनाने असतात, आणि हवा तोच कसा उचलायचा? पवईच्या आयआयटीतले देबब्रत मैती यांचं नाव या प्रश्नामुळे झालं. धातूला दूरच्या नेमक्या हायड्रोजनपर्यंत नेऊन पोचवणारा एक तात्पुरता दुवा रेणूला जोडायचा, ही त्यातली एक वाट. मैतींना २०२२ चा भटनागर पुरस्कार मिळाला.

पुडीचा हिशेब

महाडला बॅच उतरल्यावर माल गाळला जातो, कोळशाबरोबर ढवळला जातो, हायफ्लोच्या थरातून पुन्हा गाळला जातो. हे सगळं आतलं पॅलेडियम काढण्यासाठी. तोंडाने घ्यायच्या औषधातून दिवसाला १०० मायक्रोग्रॅमहून जास्त पॅलेडियम पोटात जाऊ नये, असा आंतरराष्ट्रीय निकष आहे. बऱ्याच कंपन्या सरसकट दशलक्षात १० भाग ही मर्यादा पाळतात. मोजणारं यंत्र वेगळं आणि महाग, म्हणून अनेक छोटे कारखाने सॅम्पल बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवतात.

गाळणीवरचा काळा चोथा फेकत नाहीत. तो ड्रममध्ये सील करून, वजन करून रिफायनरकडे जातो. त्यातून जेवढा धातू निघेल त्याचे पैसे वळते होतात किंवा तेवढं पॅलेडियम परत मिळतं. जगातलं बहुतेक पॅलेडियम रशिया आणि दक्षिण आफ्रिकेतून येतं आणि बहुतेक पेट्रोल गाड्यांच्या सायलेन्सरमधल्या धूर-शुद्धीकरणात खपतं. औषधांचा वाटा त्यात नगण्य. पण मार्च २०२२ मध्ये, युक्रेनवर हल्ला झाल्यावर, भाव औंसाला ३००० डॉलरच्या वर गेला तेव्हा महाडच्या खरेदी विभागाची झोप उडाली होती. “त्या वर्षी चोथ्याच्या ड्रमलासुद्धा कुलूप लागलं,” इनचार्ज हसत म्हणाला. पुढे भाव पुष्कळ खाली आला, कुलूप तसंच राहिलं. स्वस्त निकेलवर हेच काम करून बघायचा प्रयत्न आर अँड डीत सुरू आहे. निकेल अधिक चंचल, हवेला अधिक हळवा, आणि तो पायऱ्याही कधी कधी वेगळ्या चढतो.

डेलावेर ते मनिला

डेलावेर विद्यापीठात हेक १८ वर्षं होते. १९८९ मध्ये, अठ्ठावन्नाव्या वर्षी, ते निवृत्त झाले, कारण संशोधनाला अनुदान मिळेनासं झालं होतं. त्याच सुमारास जगभरच्या औषध कंपन्या त्यांची अभिक्रिया गंभीरपणे हाताळू लागल्या होत्या. नव्वदच्या दशकात ती कारखान्यांत रुजली: वेदनाशामक नेप्रोक्सेन, पिकांवरची तणनाशकं, दम्याची ही गोळी. शोधणारा घरी बसला होता आणि शोधाची भरभराट होत होती. मोठे सन्मान आले ते २००५ नंतर.

पत्नी सोकोरो फिलिपिन्सच्या. २००६ मध्ये दोघं मनिलाजवळच्या केसॉन सिटीत राहायला गेले. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये स्टॉकहोमहून फोन आला तेव्हा हेक ७९ वर्षांचे होते आणि त्यांच्याकडे प्रयोगशाळा नव्हती. पारितोषिकाचा एकतृतीयांश वाटा आला. पुढे मनिलाच्या एका विद्यापीठाने त्यांना मानद जागा दिली. मूलबाळ नव्हतं. सोकोरो त्यांच्या आधी गेल्या. शेवटची वर्षं आजारपणाची होती आणि उपचारांना पैसे पुरत नव्हते, अशा बातम्या छापून आल्या. ९ ऑक्टोबर २०१५ रोजी त्यांचं मनिलात निधन झालं.

यावर हळहळणं सोपं आहे. पण मला जास्त विचार करायला लावते ती १९८९ ची निवृत्ती. कोणाला दोष द्यावा अशीही ती गोष्ट नाही. अनुदान देणाऱ्या समितीसमोर शेकडो अर्ज असतात, आणि वीस वर्षांपूर्वीच्या अभिक्रियेच्या पायऱ्या आणखी बारकाईने पाहायच्या आहेत, असं म्हणणारा अर्ज तिथे फिका पडतो.

उपयोगाचा रकाना

लातूरची ती मुलगी मी गेलो त्या आठवड्यात एका फेलोशिपचा अर्ज भरत होती. त्यात एक रकाना असतो: या संशोधनाचा अपेक्षित उपयोग, आणि तो किती वर्षांत दिसेल. तिने तीन वेळा लिहून खोडलं होतं. मार्गदर्शक मॅडमनी सांगितलं होतं, कर्करोगावरचं एखादं औषध घाल, बरं दिसतं. तिला ते पटत नव्हतं, कारण तिच्या हातात सध्या फक्त एक प्रश्न होता: धातू त्या दूरच्या हायड्रोजनवर किती वेळ टेकतो आणि कोणत्या क्षणी बंध सुटतो.

१९६८ मध्ये हेक यांना हा रकाना भरावा लागला असता, तर प्रामाणिक उत्तर काय होतं? पाऱ्याचं विषारी संयुग आणि मौल्यवान पॅलेडियम खर्ची घालून त्यांनी स्टायरीन बनवलं होतं. स्टायरीन तेव्हाच कारखान्यांत इथाइलबेन्झीनपासून टनांनी आणि कवडीमोलाने बनत होतं. म्हणजे जगाकडे भरपूर असलेली वस्तू अधिक महागात बनवायची पद्धत, एवढाच त्या कामाचा त्या दिवशीचा उपयोग. मॉन्टेल्युकास्ट हा रेणू तेव्हा कोणाच्या कल्पनेतही नव्हता. दारूगोळ्यातून आलेल्या एका कंपनीने एका माणसाला दहा-बारा वर्षं पगार दिला आणि संक्रमण धातूंवर काहीतरी कर म्हणून सोडून दिलं, म्हणून सात निबंध झाले.

तिने शेवटी काय लिहिलं ते मी विचारलं. तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. उपयोगाखाली लिहिलं होतं: “कोणती पायरी संथ आहे हे कळेल.” वर्षांच्या रकान्यात: “तीन.” मॅडमनी त्यात बदल सुचवला नाही, फक्त वाक्यामागे “औषधनिर्मितीत वापरल्या जाणाऱ्या अभिक्रियेतली” एवढे शब्द जोडले आणि अर्ज पाठवून दिला.